रूबीच्या अंड्यांतून काय निघालं

पहिल्या अंड्याला चीर गेली आणि रेनीनं घर डोक्यावर घेतलं.

“डॅडी! नाक आलं बाहेर! डॅडी, ऐकताय का? नाक!”

बर्ल स्मोक व्हरांड्यात शेंगा उकडायच्या पातेल्यात मीठ टाकत होता. दचकून मुठीतलं सगळं मीठ आत गेलं. पण तो उठला नाही. तिथूनच ओरडला, “झाकणाला हात लावलास तर बघ! आधी ऑल्टनला फोन कर.”

“केला! निघालेत ते.”

“आणि मिस ऑटीला?”

“त्यांना कशाला फोन? माझा आवाज ऐकून त्यांचा केक आपोआप ओव्हनबाहेर आला असेल.”

खोटं नव्हतं ते. रेनीचा आवाज पाईनच्या झाडांतून पार मोठ्या रस्त्यापर्यंत जायचा. सतरा वर्षांची पोर, सगळी हाडंच हाडं, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फेब्रुवारीत मास्तरांनी एकदा “बाहेर जा” म्हटलं, तर ही जी बाहेर गेली ती परत आत गेलीच नाही. बर्लनं आठवडाभर आरडाओरडा केला. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काही होत नाही हे कळल्यावर एक दिवस म्हणाला, “तुला सापच सांभाळायचेत ना? ठीक. एक वीण काढून दाखव. जोडी तू लाव, अंडी तू सांभाळ. ऑल्टननं वीण पास केली तर सापांची खोली तुझी. नाही केली तर ऑगस्टात शाळा उघडेल त्या सोमवारी गुपचूप पिवळ्या बसमध्ये बसायचं.”

“गुपचूप?”

“एक शब्द न बोलता.”

सोमवार परवावर आला होता.

स्मोकांच्या घरातले साप म्हणजे कॉर्न स्नेक. विष नाही, फणा नाही, चावला तर मांजर ओरबाडल्याएवढं लागतं. पण रंग! ओल्या विटेसारखे लाल, पाठीवर गडद लाल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला काजळ घातल्यासारखी जाड काळी कड. बाहेर शहरांतून लोक काय काय रंग काढत होते. गुलाबी, जांभळट, लोण्यासारखे पिवळे. बर्ल त्यांच्याकडे बघून थुंकायचा. “ते साप नव्हेत, आईस्क्रीम आहे,” म्हणायचा. त्याच्याकडचं रक्त ह्याच रानातलं, ह्याच कॅरोलायनाच्या मातीतलं. बाहेरचा एक थेंब नाही. हे तो रेनीच्या जन्माआधीपासून छातीठोकपणे सांगत आला होता.

पण नुसतं सांगून ह्या भागात कुणी ऐकत नाही. वीण फुटायला लागली की बाहेरचा एक जुना जाणता माणूस डब्याशी येऊन बसतो. झाकण त्याच्यासमोर निघतं. शेवटचं नाक अंड्याबाहेर येईपर्यंत त्यानं खुर्ची सोडायची नाही. मग तो एकच शब्द बोलतो, “लाल.” बस. त्या शब्दापुढे कुणी काही विचारत नाही. टेनेसीहून गाडी हाणत साप विकत घ्यायला आलेला माणूससुद्धा नाही. बर्लच्या डब्याशी हा शब्द दर उन्हाळ्यात मिस्टर ऑल्टन मिक्सन बोलत आले होते.

रेनीला आज तो शब्द हवा होता. त्याच्या मागोमाग तिला आणखी एक गोष्ट करायची होती, आणि ती आठवून तिला सकाळपासून गुदगुल्या होत होत्या.

रूबीला कुठला नर लावला, ह्याबद्दल ती डॅडीशी खोटं बोलली होती.

रूबी म्हणजे खोलीतली सगळ्यात लाल मादी, आणि डीकन सगळ्यात लाल नर. आंधळ्यालाही कळलं असतं की जोडी हीच. पण बर्लचा नियम होता, ही दोघं एकत्र नाहीत. का? तर भाऊबहीण. आता रेनीचे डोळे म्हणजे घारीचे. दोन वर्षांमागे डॅडीनं जनरल नावाच्या दुसऱ्या नराला त्याच्या सख्ख्या बहिणीच्या डब्यात स्वतःच्या हातानं सोडलेलं तिनं बघितलं होतं. तेव्हा कुठे गेले होते भाऊबहीण?

“मग हा नियम ह्याच दोघांना का?” तिनं विचारलं होतं.

“कारण मी सांगतोय.”

“हे कारण नाही, ही धमकी आहे.”

“मग धमकी समज.”

मार्चमध्ये बर्ल लाकडाच्या ट्रकबरोबर लांब गेला, तेव्हा रेनीनं रूबीला उचललं आणि डीकनच्या डब्यात सोडलं. तो परत आल्यावर म्हणाली, “जनरल लावला.” तो म्हणाला, “शहाणी पोर.” आज कधी बघितली नसतील इतकी लाल पिल्लं निघणार, मिस्टर ऑल्टन शब्द बोलणार, आणि मग ती शांतपणे सांगणार होती की डॅडी, बाप डीकन आहे. त्यानंतरचं डॅडीचं तोंड तिला बघायचं होतं.

मिस ऑटी शेजारच्या पायवाटेनं केक घेऊन हजर झाल्या. सत्तरीच्या बाई, सापाला हात लावायच्या नाहीत, पण एक वीण चुकवायच्या नाहीत. “अंडं फुटलं का ह्या पोरीचं डोकं? मला वाटलं कुणी मेलं. बर्ल, बसायला दे काहीतरी. पंपाच्या खोलीत एक घडीची खुर्ची होती ना तुझी?”

“तिथे गांधीलमाशा आहेत,” बर्ल म्हणाला. त्याचा हात नकळत कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

“इतकी वर्षं त्याच गांधीलमाशा?”

“त्यांना आवडतं तिथे.”

मिस ऑटी बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. रेनी तोवर फ्रीझरपाशी गेली होती. मोठ्या सापांचा खुराक दुपारी काढून ठेवायचा असतो. गोठवलेल्या उंदरांची पिशवी उघडून तिनं नजर फिरवली आणि तिचं डोकं तडकलं. “डॅडी, पुन्हा एक उंदीर कमी!”

“मोजायला शिक. म्हणून म्हणतो शाळेत जा.”

“मला मोजता येतं. तुम्हालाच...”

तेवढ्यात मिस्टर ऑल्टनचा जुना ट्रक आवारात वळला आणि भांडण तिथेच राहिलं.

मिस्टर ऑल्टन म्हणजे उंच, वाळका, इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा. टोपी काढून खुंटीला लावली, मिस ऑटींना “मॅम” म्हणाले, रेनीला मान हलवली. चष्मा पुसला. गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटातून रेनीनं डबा अलगद काढला आणि टेबलावर ठेवला. झाकण आतून वाफेनं धुरकट झालेलं. ओल्या शेवाळात अंडी एकमेकांना चिकटून बसलेली, एवढंच काय ते दिसत होतं.

“कुणाची वीण?” मिस्टर ऑल्टननी विचारलं. दरवेळी हाच प्रश्न असतो.

“रूबीची,” रेनी म्हणाली. “जोडी मी लावलीय, सर.”

“उघड, पोरी.”

तिनं झाकण काढलं.

पिल्लू काही एकदम बाहेर पडत नाही. आधी कातड्यासारख्या कवचाला चीर जाते, मग नाक येतं, मग डोकं, आणि तसंच डोकं काढून ते तासन् तास बसतं, दारातून पाऊस बघणाऱ्या माणसासारखं. पहिलं डोकं तसंच बसलं होतं. कपाळावर तांबूस खूण, खुणेला काळी कड.

“लाल,” बर्ल पुटपुटला.

“तुझं काम नाही ते,” मिस्टर ऑल्टन म्हणाले, पण हसून.

दुसरं लाल. तिसरं लाल. शेंगा आल्या, इतक्या खारट की मिस ऑटींनी तोंड वाकडं केलं. “बर्ल, समुद्र उकडलायस का?” सगळे हसले. थंडगार गोड चहाचे ग्लास आले. चौथ्या अंड्याला चीर गेली आणि रेनी टेबलावर वाकली.

नाक आलं. मग डोकं आलं.

तिला वाटलं, खिडकीतून ऊन पडलंय. तिनं हाताची सावली धरली. सावलीतही ते तसंच होतं. पिकल्या संत्र्यासारखं केशरी. काळ्याचा ठिपका नाही. डोळे काळे नाहीत, लालभडक, काचेच्या मण्यांसारखे.

मिस ऑटींच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच राहिली.

“हे काय आहे?” रेनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

तेवढ्यात त्याच्या शेजारचं अंडं फुटलं. त्यातून आलं ते राखाडी. चुलीतल्या राखेसारखं. लाल औषधालाही नाही. मग पुन्हा एक लाल, आणि रेनीला हायसं वाटतंय तोवर दुसरं केशरी. चीर, नाक, डोकं. चीर, नाक, डोकं. कुणीतरी डब्यात रंगांच्या बाटल्या उपड्या करतंय असं वाटायला लागलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इतकी देखणी वीण! इथे मात्र प्रत्येक रंगागणिक रेनीचा तो शब्द लांब जात होता.

आणि तिनं डॅडीकडे बघितलं. ज्या तोंडासाठी ती मार्चपासून थांबली होती, ते तोंड.

ते चकित झालेलं नव्हतं. तिथेच ती हबकली. बर्ल अंड्यांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर भीती होती. नुसती, उघडी भीती.

“रेन,” तो अगदी हळू म्हणाला, “कुणाला लावलीस तिला?”

तिनं तोंड उघडलं, पण मिस्टर ऑल्टन मध्ये पडले. “बर्ल, हे रक्त इथलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “हा रंग असा वर यायला दोन्ही बाजूंनी लागतो. आईकडूनही आणि बापाकडूनही. एका बाजूनं आला तर आत दडून बसतो, पिल्लं लालच दिसतात. तुझ्या डब्यात दोन्ही बाजूंनी आलाय. कुठून आला? मी इतकी वर्षं तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मला उत्तर पाहिजे.”

बर्लनं ओठ चाटले. एकदा दाराकडे बघितलं.

“पोरगी,” तो म्हणाला. “हिवाळ्यात शहरात सापांचा मेळावा होता. ही रूबीला दाखवायला घेऊन गेली होती, उशीच्या खोळीत घालून. तिथे सगळ्यांच्या खोळी सारख्याच. बदलून आणली असेल दुसरीच. नरही असाच कुठून तरी... पोरंच ती. त्यांना काय कळतं?”

रेनीच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

तिला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. खोटारडी म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ती होतीच. पण स्वतःचा साप ओळखता येत नाही? रूबीच्या शेपटीजवळ एक खवला आडवा होता, तो रेनीला अंधारात बोटानं सापडायचा. हे डॅडीला माहीत होतं. त्यानंच तिचं बोट धरून तो खवला दाखवला होता. आणि तोच बाप आता जाणत्या माणसासमोर, मिस ऑटींसमोर, सरळ तिच्या माथी मारून मोकळा झाला होता.

आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही.

मिस्टर ऑल्टननी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं, आणि ते जास्त लागलं. “शाळेत जा, पोरी. बरं होईल तुझं,” म्हणाले आणि उठायला लागले.

“बस खाली, ऑल्टन मिक्सन,” मिस ऑटी म्हणाल्या. “एक अंडं राहिलंय. रिवाज म्हणजे रिवाज.”

मिस्टर ऑल्टन बसले. कुणी शेंग खाईना, कुणी चहा पिईना. कोपऱ्यातलं शेवटचं अंडं थोडं हलत होतं, आतून कुणी कूस बदलावी तसं. रेनी त्याच्याकडे डोळे लावून उभी होती. डोकं मात्र तिचं गरगर फिरत होतं. दोन्ही बाजूंनी लागतो. रूबी ती रूबीच. डीकन तो डीकनच. दोघांची आई एक, बाप एक. बाप जज, तो जुना लाल नर, तिनं लहानपणी बघितलेला. मग आई कोण? डॅडी नेहमी म्हणायचा, डचेस, ती जुनी लाल मादी. पण डचेसची अंडी तर तिच्या आठवणीत कधी फुटलीच नव्हती. आणि केशरीही तिच्याकडूनच, राखाडीही तिच्याकडूनच. ज्या मादीच्या अंगातून लालही गेलंय आणि काळंही गेलंय, ती स्वतः कुठल्या रंगाची असेल?

अंड्याला चीर गेली.

नाक पांढरं होतं. नाक नव्हे, सगळं डोकंच पांढरं, आणि पांढऱ्याखाली गुलाबी झाक, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या तळव्यासारखी.

मिस ऑटी बादलीवरून उठल्या. केकची बशी त्यांच्या मांडीवरून खाली पडली आणि फुटली. “देवा रे,” त्या म्हणाल्या. “ही तर कोरीनची पीचेस!”

कोरीन म्हणजे रेनीची आई. रेनी सहा वर्षांची असताना एक दिवस गाडीत बॅगा टाकून निघून गेली, आणि पुढे कधी नाताळचं कार्डसुद्धा आलं नाही. तिच्याकडे एक पांढरी गुलाबी मादी होती. ह्या घरातला तेवढाच एक आईस्क्रीम साप. कोरीन तिला गळ्यात घालून कपडे वाळत घालायची. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी बर्लनं पीचेसला पिशवीत घातलं, कुदळ घेतली आणि दलदलीकडे गेला. परत आला तेव्हा पिशवी रिकामी होती. “साप गेला,” एवढंच म्हणाला. रेनीनं दारातून बघितलं होतं. त्या दिवसापासून तिनं कुदळीला हात लावला नव्हता. परसातलं गवत गुडघ्याएवढं वाढलं, मारामाऱ्या झाल्या, पण नाही म्हणजे नाही. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

मेलेला साप काही अंडी घालत नाही. रूबी आणि डीकन त्यानंतरची. दोन वर्षांनंतरची.

रेनीची नजर आपोआप बर्लच्या कमरेवर गेली. किल्ल्यांवर. एक उंदीर नेहमी कमी. इतकी वर्षं त्याच गांधीलमाशा.

“किल्ली,” ती म्हणाली.

“रेन, ऐक...”

“किल्ली द्या, सर.”

ह्या घरात “सर” फक्त पराकोटीचा राग आला की निघायचं. बर्लनं जुडगा काढून तिच्या हातावर ठेवला. मागे मिस्टर ऑल्टन टेबलाला धरून उभे राहिल्याचा आवाज झाला. “शेवटचं नाक आलं,” ते म्हणाले. “मला काही बोलायचं नाही.” आणि ते ट्रककडे चालू लागले.

पंपाची खोली परसाच्या टोकाला, वाढलेल्या गवतात. गवतातून एक पाऊलवाट गेली होती, बारीक, पण रोजच्या पायांनी पडलेली. रेनीनं ती आजवर शंभरदा बघितली असेल, आणि तिला वाटायचं पंप बघायला जातो म्हातारा. तिनं कुलूप काढलं.

आत एक गांधीलमाशी नव्हती. लखलखीत झाडलेलं होतं. पंपाशेजारी काचेची मोठी पेटी, वर ऊब देणारा दिवा, पाण्याचं भांडं इतकं स्वच्छ की खोलीतल्या कुठल्याच सापाला तिनं तसं दिलं नव्हतं. आणि पेटीत, लाकडाच्या ढलपीवर, वेटोळं करून पीचेस. म्हातारी, जाड, गळ्याशी पिवळट झालेली. जीभ बाहेर काढून रेनीचा वास घेत होती.

पेटीसमोर घडीची खुर्ची मांडलेली होती. बसून बसून तिची कापडी बैठक खाली झोळीसारखी लोंबत होती.

रेनीला बसावंसं वाटलं, पण त्या खुर्चीत बसवेना. ती जमिनीवरच बसली.

बर्ल दारात आला. आत आला नाही. “मी खरंच दलदलीपर्यंत गेलो होतो,” तो म्हणाला. “कुदळ उचलली होती. पण गारठा होता. ती ऊब बघून माझ्या बाहीत शिरली.”

“आणि मला सांगितलंत साप गेला.”

“तू काही विचारलं नाहीस.”

“मी सहा वर्षांची होते!” तिचा आवाज एकदाचा परत आला आणि पत्र्याचं छप्पर वाजलं. “इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही तिला तोडलंत! जेवताना तुमच्या हातांकडे बघायचे मी! कुदळीला हात का लावत नाही, कळलं नाही कधी?”

बर्लनं मान खाली घातली. ते त्याला कळलं नव्हतं. हे त्याच्या तोंडावर आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत उमटत होतं.

“रूबी, डीकन हिचीच?” तिनं विचारलं.

“एकदाच लावली. जजला. वाटलं, एक तरी तिच्यासारखं निघेल. सगळी लाल निघाली. फेकवेनात. मग म्हटलं, ह्या दोघांना एकत्र आणलं नाही की झालं. कुणाला कळणार आहे?”

“मिस्टर ऑल्टन शब्द देत राहिले. तुम्ही त्यांना देऊ दिलात.”

“हो.”

“आणि आज मला माझा साप ओळखता येत नाही म्हणालात.”

बर्लनं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, “खोली तुझी. घे. सोमवारचं सोड. माझं आता तोंड नाही तिथे उभं राहायला.”

फेब्रुवारीपासून जे हवं होतं, ते असं हातात पडलं. रेनीनं ते घेतलं नाही. “अशी नको,” ती म्हणाली. “आधी जाऊन त्यांना सांगा रूबी कोण आहे ते. डीकन मी लावला, जनरल म्हणून खोटं बोलले, ते माझं मी सांगते. तुमचं तुम्ही.”

तिनं पेटीचं झाकण सरकवलं. पीचेस सवयीनं वर आली, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, आणि मानेमागे जाऊन स्थिर झाली. थंड, जड. आईच्या गळ्यात ती कशी दिसायची ते रेनीला आठवत होतं. वजन किती असतं हे मात्र आज कळलं.

मिस्टर ऑल्टनचा ट्रक सुरू होता, पण जागचा हलला नव्हता. कारण मिस ऑटी त्यांची टोपी छातीशी धरून पायऱ्यांवर उभ्या होत्या, आणि मिस्टर ऑल्टन उघड्या डोक्यानं रस्त्याला लागणाऱ्यांतले नव्हते.

“टोपी दे, ऑटी.”

“देते. घाई काय आहे?”

रेनी परसातूनच ओरडली. “मिस्टर ऑल्टन! नर डीकन होता! मी डॅडींशी खोटं बोलले!”

त्यांनी वळून बघितलं. तिच्याकडे नाही, तिच्या गळ्याकडे. बर्ल तोवर ट्रकच्या खिडकीपाशी पोचला होता. काय बोलला ते रेनीला ऐकू आलं नाही, इंजिन धडधडत होतं. एवढंच दिसलं की त्यानं स्वतःची टोपी काढून हातात धरली होती, आणि बोलताना एकदा बोट रेनीकडे दाखवून मग स्वतःच्या छातीला लावलं. मिस्टर ऑल्टन समोरच्या काचेतून सरळ बघत राहिले. किती तरी वेळ.

मग इंजिन बंद झालं.

ते उतरले. बर्लकडे न बघता त्याच्या शेजारून आले, पायऱ्या चढले, आत जाऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसले. डब्यात सगळी डोकी बाहेर होती. लाल, केशरी, राखाडी, आणि कोपऱ्यात ते एक पांढरं. सगळी एकाच दिशेला तोंड करून, सभा भरल्यासारखी.

“माझा शब्द ह्या घरात संपला,” मिस्टर ऑल्टन म्हणाले. “लाल मी म्हणणार नाही. बर्लच्या आधीच्या विणींबद्दल मला दारोदार जाऊन सांगावं लागणार आहे, आणि तो माझ्याबरोबर येणार आहे. पण जोडी तू लावलीस ना, पोरी? मग तू सांग. काय निघालं?”

रेनीनं डब्यातल्या डोक्यांवरून नजर फिरवली. पीचेसचं डोकं तिच्या कानाशी होतं.

“रूबी आणि डीकनची वीण, सर,” ती म्हणाली. “आजी पीचेस, बाहेरची. आजोबा जज, इथले. लाल निघाली, केशरी निघाली, राखाडी निघाली. आणि एक पांढरं.”

मिस्टर ऑल्टननी मान हलवली. “हेच सांगीन मग. ज्याला घ्यायचीत तो घेईल.” मग चष्मा नाकावर नीट बसवून खाली वाकले आणि पांढऱ्या पिल्लाकडे बराच वेळ बघत राहिले. “देखणं आहे, शिंचं,” स्वतःशीच म्हणाले. “मेलं आईस्क्रीम.”

मिस ऑटींनी टोपी खुंटीला लावली. फुटक्या बशीचे तुकडे गोळा केले, केकचे जमिनीला न लागलेले तुकडे पुसून सगळ्यांना वाटले. बसायला गेल्या तर बादली रेनीनं किल्ली घेऊन जातानाच लाथेनं उडवलेली.

तेवढ्यात बर्ल परसातून आला. काखेत पंपाच्या खोलीतली घडीची खुर्ची. दारात थबकला, रेनीकडे बघितलं. रेनी बाजूला झाली नाही, पण पाय मागे घेतला, एक माणूस जाईल एवढा. त्यानं आत येऊन खुर्ची उघडली आणि मिस ऑटींपुढे मांडली.

मिस ऑटींनी त्या लोंबत्या बैठकीकडे बघितलं. हातानं चाचपली. मग सावकाश बसल्या.

“गांधीलमाशा गेल्या वाटतं,” त्या म्हणाल्या.